ट्राउटचा धर्मबाप

नेमेसिया आदुविरी बाजारात बटाटे घेते ती पोत्याच्या तळाशी हात घालून. लग्नात जेवायला बसली की ताटातला मासा उलटून पाहते, मगच तोंडात घालते. पाद्रीने अंगावर तीर्थ शिंपडलं तर पाणी कुठून भरलं ते विचारते. फक्त लेकीच्या, दोरिसच्या, घरी ती मासा उलटत नसे.

तितिकाका तळ्याच्या आमच्या काठावर अशी बाई कुणाला आवडत नाही. मला आवडते. खाणवाल्यांशी, सरकारी माणसांशी आणि आमच्याच पुढाऱ्यांशी भांडत मी म्हातारा झालो. शिकलो एवढंच, की गोड बोलणाऱ्याची गाडी आधी तपासावी.

आमच्यात गावाची कामं घरटी पाळीने येतात, नाही म्हणायची सोय नाही. मासे पाहण्याचंही तसंच. ट्राउट माशाची नवी बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, तळ्यातल्या पिंजऱ्यांत सोडायच्या आधी पाळीवाल्याने ती पाहायची आणि हो की नाही ते सांगायचं. चपटा कृमी शिरला की माशाचं अंग पांढुरकं पडतं, तो जाळीला अंग घासघासून मरतो. म्हणून ज्याच्या पिंजऱ्यात कृमी निघेल त्याने पिंजरा रिकामा करायचा, असं सभेत ठरलेलं. आधीचे पाळीवाले बादलीत डोकावून मान डोलवत, संपलं काम. नेमेसियाची पाळी आली तशी तिने बंद पडलेल्या शाळेतला सूक्ष्मदर्शक उचलून आणला. मत्स्यखात्यातली एक मुलगी अधूनमधून यायची, तिच्या मागे लागून शिकली. विश्वास तिच्यावरही नव्हता. तीच काचपट्टी पुन्हा पुढे सरकवायची आणि पोरगी उत्तर बदलते का ते बघायची.

त्या दिवशी ओविदिओ गाडी घेऊन आला. हा डोंगरावरच्या मत्स्यबीज केंद्राचा माणूस. पाण्याने फुगलेल्या पिशव्यांत बोटुकली, आणि गावाला वाटायला सरबताच्या बाटल्या. बाटल्या वाटणारी माणसं मी ओळखतो.

आमची रीत अशी, की तळ्याने नव्या पोरांना परकं समजू नये म्हणून पहिली पिशवी काठावरच्या टाकीत उघडायची आणि तळ्यात वाढलेला एक दांडगा ट्राउट धर्मबाप म्हणून आत सोडायचा. वरून कोकाची पवित्र पानं टाकायची. मग तपासणी. या खेपेला धर्मबाप देण्याचा मान नेमेसियाच्या जावयाला, विल्बरला. दोरिसचं अख्खं घर त्याच्या त्या एका पिंजऱ्यावर चालतं. विल्बरने छाती काढून मासा सोडला. तो टाकीच्या कडेला अंग घासायला लागला तेव्हा बायका हसल्या, "बघा, कसा लाडात आलाय!"

नेमेसियाने टाकीतलं एक पिल्लू धरलं, सुरीच्या पाठीने त्याच्या अंगावरचा चिकटा काचेवर घेतला आणि डोळा लावला. काच इकडेतिकडे सरकवत राहिली.

"अगं बोल की, ताई!" मी म्हणालो.

"कृमी आहे. त्याच्या पोटात पोर, आणि पोराच्या पोटात आणखी पोर."

गलका झाला. निकाल लागेपर्यंत ओविदिओ हलू नये म्हणून मी गाडीची किल्ली काढून खिशात घातली. ओविदिओ घामाघूम.

"नेमेसियाबाई, तो तुमच्या गावठी इस्पी माशाचा असेल. तळ्यातलाच."

"इस्पीच्या कल्ल्यांतला अंडी घालतो. त्याला डोळ्यांचे चार ठिपके असतात. हा आंधळा आहे. तुला दोन आहेत ना? ये, बघ."

ओविदिओने पाहिलं. "आईशपथ, माझ्याकडे हा नाही."

"आईला कशाला मध्ये आणतोस? तिने भरल्या का पिशव्या?"

"पिशव्या तापताहेत हो! पोरं मरतील!"

"मरू देत," मी ओरडलो. "गाडी परत पाठवा!"

नेमेसियाने माझ्याकडे पाहिलं. "एक बंद पिशवी आण, साबिनो."

"आता कशाला?"

"तुला एवढी खात्री आहे म्हणून. तुझी खात्री दिसली की मला शंका येते."

बंद पिशवीतल्या पिल्लांवर काही नव्हतं. दुसरी फोडली, तिच्यातही नाही. मग ती उठून टाकीपाशी गेली. धर्मबाप अजून अंग घासत होता. आता कुणी हसलं नाही. तिने त्याला ओल्या फडक्यात धरला, चिकटा घेतला, डोळा लावला. तीच काच पुन्हा एकदा पाहिली.

धर्मबापाच्या काचेत तिच्याशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. सगळं गाव ओविदिओवर दात खाऊन होतं, मी सगळ्यात जास्त. ती गप्प बसली असती तर गाडी परत गेली असती आणि लेकीचं घर वाचलं असतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचाही संशय आला.

"विल्बर, इकडे ये. कृमी याच्यावर आहे, याच्यावरूनच पिल्लांवर गेला. तुझे मासे कुठले?"

"गावच्या गाडीतलेच की, सासूबाई."

"गावच्या गाडीतले मी काचेखाली पाहिलेत, ते साफ होते."

दोरिस पुढे आली. "आई, घरी बोलू."

"घरी कुणी बोललं नाही, म्हणून इथवर आलं."

विल्बरने टोपी काढली. "अर्धा पिंजरा रिकामा होता. पलीकडच्या काठावरून आणले. तुम्ही आमच्या पिंजऱ्याकडे कधी आलातच नाहीत बघायला."

"तुमच्याकडे मी जेवते," नेमेसिया म्हणाली. एवढंच. मग गावाकडे तोंड करून, "पिंजरा रिकामा करायचा. टाकीतली पिल्लंही गेली. बंद पिशव्या त्याच्या पिंजऱ्यापासून लांब, खालच्या खाडीतल्या पिंजऱ्यांत सोडा, लवकर."

मी ओविदिओला किल्ली दिली. माफी मागितली नाही. त्याच्या पुढच्या गाडीवर माझी नजर आहेच. आणि आता धर्मबापही आधी काचेखाली जातो.

हा कृमी माणसाला काही करत नाही, म्हणून विल्बरचे मासे गावाने तळून खाल्ले. पिंजऱ्याची जाळी काठावर उन्हात पसरलेली, आणि तिच्या शेजारीच जेवणाची पंगत. दोरिस वाढत होती. आईपुढे तिने ट्राउट आणि गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचं ताट ठेवलं आणि तिथेच उभी राहिली.

नेमेसियाने मासा उलटला.

"बघ," दोरिस म्हणाली. "नीट बघ."

नेमेसियाने नीट पाहिलं. मग खायला लागली.