दाखूभुआचा कणकेचा हत्ती

आमच्या दाखूभुआला गोष्ट सांगायची म्हणजे सांगणाऱ्याच्या तोंडाला फेस यायचा. भुआ म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. जन्म नंदुरबारजवळच्या आमच्या खांडबाऱ्यातलाच. लवकर विधवा झाली आणि आमच्या किराणा दुकानामागच्या घरात कायमची राहिली. कुणी म्हणालं, राक्षसाचा जीव पोपटात होता, की हिचं सुरू, "मग पोपटाला पडसं झालं की राक्षस शिंकायचा का? आणि मेल्याला पोपटच कसा सापडला? कासवात ठेवायचा, पिढ्यान्‌पिढ्या टिकला असता!" उडत्या घोड्याची गोष्ट ऐकली तेव्हा घारीचं एक पीस उन्हात धरून अर्धी दुपार बसली होती. घोड्याला उचलायला केवढे पंख लागतील, ते तिला कळायला हवं होतं.

बाया तिला हसायच्या. म्हणायच्या, हिला कशातच गोडी नाही. खोटं! गोष्ट ऐकताना तिचे डोळे कसे व्हायचे ते त्यांनी कधी बघितलंच नाही. राक्षस खरोखर चालत आला तर जमीन कशी दबेल, याचा विचार करताना ती जेवायचं विसरायची.

मी परकर नेसायच्या वयाची असताना गावात आमच्या जैन मंदिराची प्रतिष्ठा ठरली. मिरवणुकीत इंद्राचा ऐरावत निघणार, लाकडी, गाड्यावर उभा केलेला. त्यावर कलश घेऊन एक मुलगी बसणार आणि ती मुलगी मी! काय सांगू, आठ दिवस मी जमिनीवर नव्हतेच.

बापूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मारवाडातून आलेला पितळी खेळण्यातला हत्ती पौलसदादाच्या हातात ठेवला. पौलसदादा नवापूरकडच्या डोंगरातला ख्रिस्ती शेतकरी, पेरणी आटोपली की सुतारकाम करायचा. "अगदी असाच कर, फक्त मोठा," बापूजी म्हणाले. खेळणं फार देखणं होतं, हरणासारखे बारीक पाय. पौलसदादानं तसाच केला, तेच वळण, तेच बारीक पाय. उंची मात्र माणसाहून जास्त, आणि सगळा सागाचा.

भुआनं अंगणात येऊन हत्तीभोवती एक चक्कर मारली आणि तिचा चेहराच उतरला. ती तशीच आत गेली. मी मागोमाग. तिनं कणकेचा अंगठ्याएवढा हत्ती केला. उभा राहिला. मग तसाच, त्याच घाटाचा, खरबुजाएवढा केला. हात काढला मात्र, त्याचे पाय हळूहळू फाकले आणि पोट ताटाला टेकलं.

"अगं बाई!" ती एवढंच म्हणाली.

मग तिनं बेसनाच्या मोहनथाळाचे चौकोनी तुकडे घेतले. एकाच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद, दुप्पट उंच असा ठोकळा रचला. आठ तुकडे लागले. "वजन आठपट," ती म्हणाली, "आणि भुईला टेकले किती? चारच. पाय जाड झाला चौपट, डोक्यावर भार आला आठपट. जितकं मोठं करशील तितका पाय बिचारा मागे पडत जाणार. म्हणून मुंगीला सुतासारखे पाय चालतात! आणि तो गोष्टीतला राक्षस, माणसाच्या घाटाचा, ताडाएवढा... पहिल्याच पावलाला त्याचे गुडघे मोडले असते गं!" तिच्या अंगावर काटा आलेला मी बघितला. माझ्याही आला. ताटात मोहनथाळ होता आणि आम्ही दोघी जणू देवळात उभ्या होतो.

बाहेर जाऊन तिनं पौलसदादाला अहिराणीत सांगितलं, "दादा, हाऊ हत्ती बसी जाई. पाय बारीक शेतस. मन्ही भाची वर बसनार शे."

"बाई, नमुनामा जसं शे तसंच करेल शे," तो म्हणाला. पण त्यानं हत्तीच्या पायावरून हात फिरवला.

बापूजी भडकले. "चित्रातल्या ऐरावताचेही पाय असेच बारीक असतात, तो कधी पडला का?"

"चित्रात उंदरावर गणपतीही बसतो!" भुआ म्हणाली. "हे लाकूड आहे, भाऊ. दुकानातली मिठाची पोती चढवून बघा."

भगवंताच्या मिरवणुकीच्या हत्तीवर मिठाची पोती? बापूजी कसले तयार! मग मी रडायला लागले, माझा हत्ती हिरावताय म्हणून. भुआनं माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि म्हणाली, "मग मी बसते आधी."

लोक हसले. ती चांगली अंगानं भरलेली बाई, शिडीवरून चढताना मीही हसले. ती हौद्यात बसली. क्षणभर काहीच झालं नाही. मग पुढच्या पायातून कडाड्‌ आवाज आला आणि हत्ती तोंडावर आपटला.

भुआचा घोटा मोडला. हाडवैद्य ओढाताण करत होता तेव्हाही तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. खाटेवरून पौलसदादाला सांगत राहिली, पाय खांबासारखे कर, सरळ, पोटाखाली. या वेळी लागेल तेवढा साग बापूजींनी स्वतः आणून दिला. हत्ती पार बेढब झाला. लोक म्हणाले, हत्ती आहे की मांडव? पण मी त्याच्यावरून सगळं गाव फिरले आणि तो हूं की चूं न करता उभा राहिला. भुआला मिरवणूक खाटेवरूनच ऐकावी लागली.

ती कायमची लंगडी झाली. बऱ्याच वर्षांनी, माझं लग्न होऊन मी माहेरपणाला आले होते, तेव्हा कुठल्याशा संस्थानिकाचा हत्ती रस्त्यानं नंदुरबारकडे निघाला आणि आमच्या दुकानासमोर पाणी प्यायला थांबला. खांडबाऱ्यात कुणीच खरा हत्ती बघितला नव्हता. सगळे सोंडेकडे बघत होते. भुआ लंगडत बाहेर आली आणि तिनं सोंड बघितलीच नाही. ती खाली वाकली. सरळ, जाड, पोटाखाली रोवलेले चार खांब. हुबेहूब तिनं पौलसदादाकडून करवून घेतलेले पाय.

माहूत ओरडला, पण हत्ती हलला नाही. तिनं त्याच्या पायावर तळवा टेकवला आणि ती ढसाढसा रडायला लागली.

"बघ गं," मला म्हणाली, "खऱ्या हत्तीलासुद्धा पाय असेच करावे लागले."