पोपटी जर्सीतला हवालदार

दुबईत अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत सदानंद साळोखे नेहमी सावधानमध्ये उभे. सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून त्यांना खुर्ची मिळालेली आहे, पण तिच्यावर कुरिअरची पार्सलं बसतात.

"सर, बसा की जरा."

"बसून कुणाचं भलं झालंय, ताई?"

वय बावन्न, मिश्या अठ्ठावीसच्या. हा माणूस दर शनिवारी सकाळी आम्हा बिल्डिंगमधल्या बायकांना फुटबॉल शिकवतो. खरं तर आधी तो मुलांना शिकवायचा आणि आया बाकावर बसून थर्मास सांभाळायच्या. एका शनिवारी मुलं "इट्स टू हॉट, कोच" म्हणत सावलीत गेली. सरांनी शिट्टी तोंडातून काढली, बाकाकडे वळले आणि म्हणाले, "मग वहिनी, तुम्ही या."

तेव्हापासून तीन वर्षं आम्ही खेळतोय. हरतोय, असंही म्हणता येईल.

सर मूळचे कोल्हापूरचे, पिंपळकट्टा तालमीचे. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. कोल्हापुरात पेठेची तालीम, तालमीची फुटबॉल टीम आणि टीमचा रंग हे सगळं जन्माबरोबरच मिळतं. पिंपळकट्ट्याचा रंग तांबडा-पांढरा. "जेवायचं ताट आन् जर्सी, दोन्हीकडं तोच रस्सा," असं सर छाती काढून सांगतात. शेजारच्या दगडी चावडी तालमीचा रंग पोपटी. तो शब्द उच्चारताना सरांचा चेहरा कारल्याचा रस प्यायल्यासारखा होतो.

डाव्या पायाच्या जोरावर ते एकोणिसाव्या वर्षी मराठा पलटणीत भरती झाले. पलटणीसाठी खेळले, सीमेवर राहिले. वरच्या चौकीत बॉल गोठून दगड झाला, तरी त्याला हेडर मारला. ती खूण कपाळावर आहे. (आमच्या टीममधल्या छायाताई म्हणतात ती बाथरूमच्या दाराची असावी.) मध्ये सुट्टीवर येऊन लग्न केलं, ते नेमकं दगडी चावडीच्या सगुणाशी. मांडवात सासऱ्यांनी पोपटी फेटा पुढे केला.

"मग काय केलंत?"

"उघड्या डोक्यानं लगीन लावलं. सत्तावीस वर्षं झाली, सगुणा अजून त्यावरनं बोलती."

चोवीस वर्षांनी ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि घरी बसवेना म्हणून दुबईला आले. इथे आमच्यावर पलटणीचा कायदा लागू झाला. एकीनं चूक केली की सगळ्यांनी मैदानाला दोन फेऱ्या. चूक बहुतेक वेळा मुग्धा करते.

या वेळची चूकही तिचीच. जानेवारीत अबू धाबीच्या अल रीम आयलंडवरच्या मराठी बायकांशी मॅच ठरली. मुग्धा एचआरमध्ये आहे, त्यामुळे कुठलंही काम अंगावर घेते. ती देरा बाजारातल्या मोहिद्दीनच्या दुकानातून जर्सी घेऊन आली आणि गुरुवारी संध्याकाळी लॉबीत पिशवी उघडली.

"फॅब्रिक बघा सर, एकदम ब्रीदेबल! तुमच्या पाठीवर 'कोच' छापलंय."

सरांनी बघितलं. सगळ्या जर्सी पोपटी.

"बदलून आणा."

"छापल्यावर तो घेत नाही. 'खलास, मॅडम' म्हणाला."

"मग मीबी खलास."

"सर, कलर तर आहे!"

"मुग्धावहिनी, तुम्ही पुण्याच्या. तुम्हाला न्हाई कळायचं."

"अहो, चोवीस वर्षं हिरवे कपडे घातलेत ना तुम्ही?"

"ते देशाचे. हे मेव्हण्याचे."

तिथे वाद संपला. आम्ही घाबरलो, कारण सर बाजूला उभे नसले की आम्ही सातही जणी बॉलच्या मागे एकाच दिशेला धावतो.

शनिवारी मॅचला सर आले, पण तांबडा-पांढरा टीशर्ट घालून, आणि जाळीच्या बाहेर फूटपाथवर उभे राहिले. "ओ अस्मिता, पायात घ्या बॉल! पायात! वहिनी, मागं कोण हाय?" पाचव्या मिनिटाला इजिप्शियन रेफ्री जाळीपाशी गेला.

"कोच? टीमची जर्सी घाल, आत ये. नाहीतर नो टॉकिंग, हबीबी."

सरांनी ओठ मिटले. पुढच्या सात मिनिटांत आमच्यावर एक गोल झाला. दुसरा झाला नाही, कारण त्यांची स्ट्रायकर आमच्याच मुग्धाला अडखळून पडली. सर जाळी दोन्ही मुठींत धरून उभे. बोटं पांढरी पडलेली.

हाफटाइमला कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. छायाताई उठल्या. त्यांचे वडील त्याच पलटणीत सुभेदार होते. त्या बेळगावच्या छावणीत वाढल्या आणि आता बँकेत हळू आवाजात बोलतात. त्यांनी 'कोच' लिहिलेली जर्सी जाळीवरून पलीकडे टाकली आणि पोटातून आवाज काढला.

"हवालदार साळोखे! सावधान!"

सरांच्या टाचा खटकन जुळल्या. शेजारून जाणारा डिलिव्हरीवालाही थांबला.

"जर्सी पहन!"

एक क्षण गेला. त्या एका क्षणात सरांच्या चेहऱ्यावरून अख्खी पेठ गेली. मग हात आपोआप उचलले गेले आणि तांबड्या-पांढऱ्यावर पोपटी चढला.

"दाहिने मुड! तेज चल!"

आणि हवालदार साळोखे हात खांद्यापर्यंत उचलत, गेटातून, थेट आमच्या बाकापाशी येऊन थांबले.

"आतून माझीच हाय," ते पुटपुटले. मग शिट्टी चाचपली. "बघताय काय? अस्मिता डावीकडं. मुग्धावहिनी, तुम्ही फक्त आडव्या पडू नका."

शेवटच्या मिनिटाला अस्मिताच्या पायाला लागून बॉल गोलात गेला. तिनं मारला की तिला लागला, हे तिनं अजून सांगितलेलं नाही. एक-एक. तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही हरलो नव्हतो. सर लहान पोरासारखे नाचले आणि त्याच भरात, रोजच्यासारखा, सगुणावहिनींना बोटिमवर व्हिडिओ कॉल लावला.

"सगुणा! बरोबरी! बरोबरी केली पोरींनी!"

सगुणावहिनी स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या.

"ऐकतीस न्हवं?"

"ऐकायचं ऱ्हावं बाजूला, बघतीय." मग मागे वळून भावाला हाक. "दादा! ओ दादा! पळत या. पावणं आले आपल्या पेठंत!"

सरांनी खाली बघितलं. छातीवर हात ठेवून झाकायचा प्रयत्न केला, पण छाती मोठी.

"अगं, हुकूम होता! सुभेदारांच्या लेकीचा!"

"व्हय? माझ्या बापाचा हुकूम न्हवता मांडवात?" सगुणावहिनींचा आवाज जरा चिरकला. हसू होतं की आणखी काही, कळलं नाही. "फेटा ठेवलाय अजून. डांबरगोळ्या घालून. सुट्टीला याल तवा बांधते."

सर आमच्याकडे बघेनात.

"आवाज येईना... हॅलो... नेट गेलं वाटतं," म्हणत त्यांनी फोन बंद केला.

आवाज नीट येत होता. आम्ही सातही जणींनी ऐकला.

"सर," मुग्धा म्हणाली, "तिकीट कधीचं बघू?"

"आधी दोन फेऱ्या," सर गरजले. "सगळ्यांनी!"

आम्ही धावायला लागलो. दुसऱ्या वळणावर मागे बघितलं, तर ते अजून पोपटीतच होते.