शनिवारची माफी

महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी आमची आजी वर्तकनगरच्या कॉलनीत माफी मागायला निघायची. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा खायचा, आणि कुणाबद्दल मनात अढी ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही, असं तिला बैतूलकडे लूथरन मिशनच्या शाळेत शिकवलेलं. इथे जवळपास लूथरन चर्च नव्हतं, म्हणून ती दुसऱ्या चर्चमध्ये जायची. "आपले नाहीत, पण माणसं बरी आहेत," म्हणायची.

समोरच्या सावंतकाकू दार उघडतानाच हसायच्या. "आजी, या वेळी काय केलंत माझं?"

"परवा तुझ्या सांबाराला मनातल्या मनात पाणचट म्हटलं."

"अहो, मग मनातच ठेवायचं ना!"

"तिथंच तर अडकतं बाई ते."

मग चहा व्हायचा. एका माफीला तासभर लागायचा.

चर्चमध्ये ती गायची खणखणीत आणि साफ बेसूर. सगळ्यांचं कडवं संपलं तरी हिचं चालूच. एका नाताळाला माझ्या घोडबंदर रोडच्या ऑफिसातले चौघे उपासनेला आलेले. आजीचा आवाज लागला आणि ते माना खाली घालून हसायला लागले. मला लाज वाटली. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "आजी, पाळक म्हणत होते, जरा मनातल्या मनात गात जा."

पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, असं काहीही म्हणाले नव्हते. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

"त्रास झाला असेल रे त्यांना," ती म्हणाली, आणि पुढच्या शनिवारी पाळकांचीही माफी मागून आली. तिच्या माफीची त्यांना सवय झालेली. कशाबद्दल ते न विचारताच त्यांनी माफ करून टाकलं. त्यानंतर तीन वर्षं ती नुसते ओठ हलवत उभी राहिली. शेजारी मी.

एका शनिवारी माझ्या पोळीला तूप लावता लावता ती म्हणाली, "गायलं नाही की शब्द जातात बघ. काल दुसरं कडवं आठवेचना." हातातला घास मी ताटात ठेवला. मी सगळं सांगून टाकलं.

तिने तुपाचा चमचा वाटीत सोडला. "म्हणजे पाळक काही म्हणालेच नव्हते?"

"नाही."

"गाढवा! तीन वर्षं मी त्या माणसावर आतून धुमसतेय. सगळ्यांजवळ सगळं कबूल केलं, एवढं एकच लपवलं. आता त्याची माफी कोण मागणार?" आणि पदर तोंडाला लावून ती हसत सुटली.

"मला काहीतरी शिक्षा कर," मी म्हटलं.

"आमच्यात शिक्षा नसते. माफ म्हणजे माफ. पोळी खा, गार होतेय."

शिक्षा झाली असती तर सोपं गेलं असतं.

रविवारी पहिल्याच गीताला तिने असा आवाज लावला की पेटी वाजवणाऱ्या बाईंचा हात थांबला. पाळक हसले. दुसऱ्या कडव्याला ती अडखळली, तेव्हा मी पुस्तक तिच्यापुढे धरून शब्द पुटपुटायला लागलो. तिने मला कोपराने ढोसलं. "मोठ्यानं म्हण की! लाजतोस कुणाला?"

त्यानंतर आजी दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत एकाही रविवारी आम्ही दोघं सुरात गायलो नाही.