नापास हापूस

आमच्या प्रयोगशाळेत फळांच्या रसातला वास मोजतात. यंत्रात रसाची वाफ सोडली की पडद्यावर वासांचे उंच-बुटके सुळके उमटतात. काल मी घरचे हापूस पिळून रस नेला. आमच्या प्रमुख बाई पडद्याकडे बघून म्हणाल्या, "नमुन्याशी जुळत नाही. भेसळ आहे."

"बाई, नमुना कशाचा?"

"बाटलीतल्या रसाचा. तो दरवेळी अगदी सारखा येतो."

येणारच! त्यातला वास कारखान्यात ओतलेला. एका फांदीवरचे दोन आंबे तरी कधी सारखे दरवळतात का? खोलीभर घमघमाट सुटलेला, आणि आंबा आंब्यासारखा नाही म्हणे! संताप संताप झाला नुसता.

हापूस नापास करून बाईंनी वाटी जवळ ओढली आणि उरलेला रस बोटांनी चाटूनपुसून संपवला.