सोनकांबळे मास्तरांची थाई नाणी

आनंदराज सोनकांबळे नांदेड–देगलूर गाडीवर कंडक्टर होते. घर नायगावात. ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात, तेच नाव गावातही पडलं. नोकरीत त्यांनी जेवढी भांडणं सोडवली, त्यातली निम्मी तरी सुट्ट्या पैशांवरून झालेली होती.

२०१२ साली एका बाजाराच्या दिवशी कुणीतरी त्यांच्या हातावर दहाचं नाणं टेकवलं. गाडी खच्चून भरलेली, मास्तरांनी न बघता ते पिशवीत टाकलं. संध्याकाळी डेपोत कॅश भरताना खिडकीतल्या कॅशियरने ते परत केलं.

"मास्तर, हे आपलं न्हाई."

खरंच नव्हतं. आपलं दहाचं नाणं कडेला पिवळं आणि मधे पांढरं. हे नेमकं उलटं होतं. एका बाजूला चष्मा घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला उंच शिखराचं देऊळ. मास्तरांनी खिशातले दहा रुपये भरले आणि नाणं घरी आणलं. नागुबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ते उलटसुलट केलं आणि कुणीतरी गंडवलं तुमाला, एवढं म्हणून पीठ मळायला घेतलं.

पुढच्या रविवारी विहारात एक भन्ते आले होते. चार वर्षं थायलंडमध्ये राहिलेले. त्यांनी नाणं ओळखलं. दहा बाहत. त्यावरचं शिखर बँकॉकच्या नदीकाठचं, वाट अरुण. तिकडे विहाराला वाट म्हणतात, हे ऐकून मास्तरांना हसू आलं. आपला सगळा जन्म वाटेवरच चालला आहे म्हणाले. मग भन्तेंनी नाण्यावरचे वाकडेतिकडे आकडे वाचून दाखवले. २५५१. हे बुद्धवर्ष. भगवंतांच्या महापरिनिर्वाणापासून मोजलेलं.

मास्तरांनी नाणं मागून घेतलं आणि पुन्हा निरखलं. त्यांचे वडील ग्यानोबा यांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. एखाद्या देशात भाजीवाल्याला द्यायच्या चिल्लरवरही बुद्धाचं वर्ष असतं, हे वडिलांना कळलं असतं तर, असं त्यांना फार वाटलं. भन्तेंनी एका लग्नपत्रिकेच्या मागे दहाही थाई आकडे लिहून दिले. मास्तरांनी ते दोन फेऱ्यांत पाठ केले.

छंद लागला तो असा. पण नायगावात थायलंडची नाणी आणणार कोण? ते काम मन्मथअप्पांनी केलं. अप्पांचं बियाणं-खताचं दुकान. विक्रीचं टार्गेट पुरं केलं की कंपन्या दुकानदारांना बँकॉकची सहल देतात. अप्पा जवळपास दर दोन वर्षांनी जात. बाकी सहलीबद्दल ते फारसं बोलत नसत, पण येताना रुमालात चिल्लर बांधून आणत. एक बाहत, दोन, पाच, आणि पंचवीस सतांगचं, म्हणजे पाव बाहतचं, पिवळं पिटुकलं नाणं, मसुराच्या डाळीसारखं हातातून निसटणारं. तिकडं तर कुणी घेईना ते, दुकानदारीण हसून बरणीभर द्यायला निघाली होती, असं अप्पा सांगत. मास्तरांकडून पैसे घ्यायचं नाव नाही.

मास्तरांनी ती नाणी भंगारातून घेतलेल्या जुन्या तिकिटांच्या ट्रेमध्ये लावली. जिथे तिकिटांचे गठ्ठे बसायचे त्या खणांत आता सालवार नाणी. कुठल्या नाण्यावर कुठलं विहार, हे त्यांना तोंडपाठ होतं. २०१९ साली अप्पांनी नव्या राजाची नाणी आणली तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. मागची विहारं गेली होती, त्या जागी राजाचं चिन्ह होतं. तरी त्यांनी एक खण मोकळा केलाच.

२०२१च्या पावसाळ्यात एका पहाटे मास्तर चहाची कपबशी उचलायला गेले आणि ती उचललीच गेली नाही. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही जड. मन्मथअप्पांनी स्वतःच्या जीपमधून दोघा नवराबायकोला नांदेडला नेलं. वेळेत पोचले म्हणून जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. पाय महिन्याभरात उचलला जाऊ लागला, पण बोटं लाकडाची राहिली. ज्या बोटांनी पंचवीस वर्षं तिकिटं फाडली, त्यांना सदऱ्याचं बटण कळेना.

व्यायामासाठी दीपाली नावाची फिजिओथेरपिस्ट मिळाली. लातूरकडची, नांदेडात लहानसं क्लिनिक चालवणारी. ती राजमा ताटलीत टाकून एकेक दाणा उचलायला लावी. मास्तरांनी आठ दिवस उचलला आणि नवव्या दिवशी ताटली ढकलून दिली. दाणे खोलीभर झाले. नागुबाईंनी ते वेचले, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नायगावहून येताना त्यांनी पिशवीत तो ट्रे घातला.

दीपालीने ट्रे पाहिला आणि राजमा बाजूला ठेवला. आधी दहा बाहत, मोठं म्हणून. उचलायचं, विहाराचं नाव घ्यायचं, खणात ठेवायचं. नाव घेतल्याने जिभेलाही काम. मास्तर घामाघूम व्हायचे, पण टाळाटाळ करायचे नाहीत. शेवटी ती डोळे मिटायला सांगे आणि बोटाखाली काही कळतं का ते विचारी. रोज एकच उत्तर, न्हाई.

सहाव्या आठवड्यात एकदा त्यांचा अंगठा नाण्यावर थांबला.

"टो...टोचतंय."

"कुठं, काका?"

"वर. बा...बारीक."

दीपालीने नाणं खिडकीपाशी धरलं. शिखराच्या वर चार बारके उंचवटे होते. शिकत असताना ती अंध मुलांच्या शाळेत काम करून आलेली. तिला लगेच उमगलं.

"काका, ही ब्रेल आहे. इथं दहा लिहिलंय. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी."

नऊ वर्षं नाणं घरात होतं आणि मास्तरांना ते चार ठिपके दिसले नव्हते. ते रडले. नागुबाई घाबरून उठल्या तर त्यांनी डाव्या हातानेच बस म्हणून खुणावलं.

पंचवीस सतांगचं नाणं चिमटीत यायला मात्र सात महिने गेले. त्या दिवशी दीपालीने क्लिनिकमधल्या सगळ्यांना पेढे वाटले. त्यानंतर मास्तर कामावर रुजू झाले. गाडीवर नाही, स्टँडच्या चौकशी खिडकीवर.

मागच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात डेपोतल्या लोकांना वाटलं होतं, हार घालून, नारळ देऊन सोडावं, त्यांना बोलायचा त्रास नको. पण त्यांनी माईक मागून घेतला. मला वेळ लागतो, बसून ऐका म्हणाले. मन्मथअप्पांच्या जीपचं सांगितलं, दीपालीचं सांगितलं. थायलंडच्या टांकसाळीतल्या ज्या माणसाच्या मनात ते चार ठिपके घालायचं आलं, त्यालाही जय भीम घातला. मग ते नागुबाईंकडे वळले.

"हिनं... राजमा वेचला. मी फेकला, हिनं वेचला. अन् मला बोलली न्हाई."

नागुबाईंनी पदर तोंडाला लावला. घरी जाताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "चार माणसांत सांगायची काय गरज होती?" पण त्यांचा आवाज रागाचा नव्हता.

आता दर शनिवारी मास्तर सकाळच्या गाडीने नांदेडला जातात आणि दीपालीच्या क्लिनिकमध्ये बसतात. सध्या रुक्मिणबाई म्हणून एक बाई येतात, डाव्या हातातली ताकद गेलेल्या. त्या चिडल्या की मास्तर समजावत नाहीत. ट्रे पुढे सरकवतात आणि अडखळत एकेका विहाराची गोष्ट सांगतात. ती ऐकता ऐकता बाईंचा हात आपसूक पुढे येतो. परत यायला दुपार टळते. नागुबाई तोवर जेवत नाहीत.