पार्किंगमधली निळी कार

शिकागोजवळच्या नेपरव्हिलचे पुरुषोत्तमकाका रिटायर झाल्यापासून कॉम्प्युटरवर ट्रेन चालवायचा गेम खेळतात. परवा गेम अपडेट झाला आणि त्यांचे जुने अ‍ॅड-ऑन, म्हणजे गेममध्ये वरून टाकलेली स्टेशनं आणि गाड्या, बंद पडले. ते दुरुस्त करता करता मी वैतागून म्हटलं, "डिलीट करा ना काका, नवे कितीतरी छान आलेत!"

"स्टेशनबाहेरची निळी कार तेवढी परत आण," ते म्हणाले.

काका शिकागोहून ऑफिस करून ट्रेनने परतायचे, तेव्हा मीनाक्षीकाकू स्टेशनबाहेर बर्फातही तशाच निळ्या कारमध्ये थांबलेल्या असायच्या. गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या.

मी खूप खटपट केली. बाकी सगळं परत आलं, कार आली नाही.

आता काका गेममधल्या त्या स्टेशनात ट्रेनची दारं उघडून नुसते बसून राहतात. उशीर झाला म्हणून गेम मार्क कापतो.

"कापू दे," काका म्हणतात. "ती इतकी वर्षं थांबली, तिला कुणी मार्क दिले?"