जपान शिकलेला धाकटा

मी कॉलेजात आधुनिक जपानचा अभ्यास करत होतो आणि माझा थोरला भाऊ, अण्णा, फौजेत होता. ही वाटणी आप्पांनी केलेली. ते स्वतः पेन्शनीत निघालेले सुभेदार. बेळगावात कॅम्पाला लागूनच आम्ही राहत होतो. थोरल्यानं पलटणीत जायचं, धाकट्यानं शिकायचं, यावर घरात कुणी तोंड उघडलं नाही.

आमच्या प्राध्यापकांना जपानचं भारी कौतुक. तिथल्या शाळा, गिरण्यांत राबणाऱ्या मुली, सासू-सुनांचं नातं, सगळं ते असं सांगत की जणू परवाच तिकडून आलेत. बोटीवर मात्र त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मी जपानी शिपायावर निबंध लिहिला. शरण जाणं त्याला मरणाहून लाजिरवाणं वाटतं, असं त्यात ठासून मांडलं होतं. प्राध्यापकांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि मी दोन दिवस हवेत होतो.

पुढं लढाईत सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. अण्णाची पलटण तिथंच होती. सरकारी तार आली, बेपत्ता. शरण आलेल्याची ज्यांना किळस, त्यांच्याच हाती तो सापडला असणार, हे घरात एकट्या मला कळत होतं. त्या कळण्याचा मला संताप यायचा.

"कैद्याला जेवाय घालत्यात का रं ते लोक?" आई विचारायची.

"घालतात की. भातच खातात ते," मी सांगायचो. भात खातात, एवढंच त्यात खरं होतं.

वर्षं गेली, खबर नाही. एक दिवस गावाकडून चुलते आले. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, म्हणाले. माणसाचा जीव असा अधांतरी ठेवू नये. विधी झाला की वहिनीचं कुंकू पुसलं जाणार होतं.

आप्पांनी मला समोर बसवलं. "तू त्या लोकांचा अभ्यास केलायस. धरलेला माणूस इतकी वर्षं जिता ठेवत्यात व्हय? तू न्हाय म्हण, मी विधी करतो."

आत वहिनी भाकऱ्या थापत होती. तो आवाज थांबला.

शिकलेलं सगळं 'नाही'च सांगत होतं. तसं तोंडावर आलंही होतं. पण जपानची शाळा, गिरणी, न्हाणीघर मला ठाऊक; अण्णावर पहारा करणारा माणूस कुठं ठाऊक होता? तो चिडका होता की मायाळू, हे कुठल्या तासाला कुणी सांगितलं होतं?

"मला माहीत नाही, आप्पा."

"मग एवढी वर्षं कॉलेजात काय माशा मारल्यास?" चुलते उसळले.

आप्पांनी त्यांना हातानं थांबवलं. "त्येला म्हाईत न्हाय," ते म्हणाले. "मग विधी न्हाय." चुलते चहा न घेताच उठले.

त्या संक्रांतीला वहिनी हळदीकुंकवाला गेली. बायका मागून कुजबुजल्या, तरी गेली.

लढाई संपल्यावर अण्णाच्या पलटणीतला एक जण घरी आला. उंबऱ्याशी बसून त्यानं सांगितलं, कैदेत पहिल्याच वर्षी अण्णा तापानं गेला. आप्पांनी ते उभ्यानं ऐकलं. आई भिंतीला टेकून खाली बसली.

तेरावं झाल्यावर मी परसात बसलो होतो. वहिनी आली. तिचं मोकळं कपाळ मला बघवेना.

"भावजी, त्या दिशी तुमी न्हाय म्हणाला असता, तर ते खरंच ठरलं असतं."

मी मान वर केली.

"पर तुमी म्हाईत न्हाय म्हणाला," ती म्हणाली, "म्हणून तेवढी वर्षं तरी मला त्यांची बायको म्हणून ऱ्हाता आलं."